फिर्यादीत नाव नसलेली बायको : दक्षिण गडचिरोलीतील एक प्रकरण

नक्षलवाद्यांनी 'पोलीस खबऱ्या' ठरवून माणूस मारला की बातमी एक दिवस चालते. त्याच्या बायकोची फरफट त्यानंतर दोन-तीन वर्षं चालू असते, आणि ती बहुतेक कागदांतून चालते. तशाच एका घराचं हे प्रकरण. बाईचं नाव बदललं आहे, गाव आणि तालुका दिलेला नाही, आणि ओळख पटू नये म्हणून अशाच दुसऱ्या घरांतले काही तपशील यात मिसळले आहेत. कायदे, योजना, रकमा आणि मुदती मात्र आहेत तशाच दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

१९८०च्या सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातून नक्षलवादी गट गडचिरोलीच्या जंगलात उतरले. तेंदूपत्त्याची मजुरी आणि जंगल खात्याचा जाच या दोन्ही प्रश्नांवर त्यांनी लोकांची बाजू घेतली, म्हणून सुरुवातीला गावांनी त्यांना भाकरी दिली. गावात त्यांना 'दादालोक' किंवा 'आतले' म्हणतात. पुढे दलमात (त्यांच्या सशस्त्र तुकडीत) पोरी गेल्या, काही स्वतःहून, काही उचलून नेलेल्या. १९९०च्या दशकात पोलिसांचं नक्षलविरोधी सी-६० पथक आलं. मग एकाच गावात एकाचा भाऊ पोलिसात, दुसऱ्याची बहीण दलमात, आणि तिसऱ्याला दोन्हीकडून संशय, अशी घरं तयार झाली.

सोमरीचं घर या तिसऱ्या प्रकारातलं. ती माडिया आदिवासी, वय तिशीच्या आसपास, माहेर इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडात. तीन मुलं : तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांचं धाकटं. धाकटी बहीण सोळाव्या वर्षी दलमासोबत गेली ती घरी परतलीच नव्हती. नवरा रस्त्याच्या कंत्राटदाराचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्याकडे मोबाईल होता. मुलीचा जातीचा दाखला आणि स्वतःच्या आधारमधली चूक यासाठी तो दोनदा पोलीस मदत केंद्रातल्या 'दादालोरा खिडकी'वर जाऊन आला होता. सरकारी दाखले गावाजवळ मिळावेत म्हणून पोलिसांनी ही सोय केली आहे आणि ती कामाचीही आहे. पण त्या खिडकीसमोरची रांग सगळ्या मुलखाला दिसते. रस्त्याचं काम, मोबाईल आणि ठाण्याच्या दोन फेऱ्या : खबऱ्या ठरायला एवढं पुरलं.

घटना

मे महिना, तेंदूची तोड जोरात. रात्री दहा-बारा जण आले, त्यांत दोन बायका होत्या. त्या रात्री सोमरी घरी नव्हती, कुर्माघरात होती. पाळीच्या दिवसांत माडिया बाईला गावाच्या कडेच्या या वेगळ्या झोपडीत राहावं लागतं. तिचा तिसरा दिवस होता. आधी कुत्री भुंकली, मग नवऱ्याचा आवाज आला, मग एका बाईचा. तिच्यासोबत कुर्म्यात असलेल्या म्हातारीने तिचं मनगट धरून ठेवलं, सकाळपर्यंत सोडलं नाही.

सकाळी प्रेत चार किलोमीटरवरच्या फाट्यावर सापडलं. छातीवर दगड, दगडाखाली पत्रक. प्रेताजवळ स्फोटकं पेरलेली असू शकतात, म्हणून अशा वेळी पोलीस लगेच पोचत नाहीत. गावकऱ्यांनाच प्रेत आणायला सांगतात. दीर आणि गावचे पाच जण गेले. तो चालवायचा त्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून त्यांनी त्याला आणलं. वाट कुर्माघराला लागून जाते. ताडपत्री आखूड होती, तिच्याबाहेर राहिलेली पावलं तेवढी सोमरीला दिसली. कुर्म्याचे दिवस पुरे व्हायच्या आत मातीही झाली. नवऱ्याचं तोंड तिला शेवटचं पाहायला मिळालं नाही.

फिर्याद दिराने दिली. जबाब चौघांचे झाले, चौघेही पुरुष. सोमरीविषयी त्या सगळ्या कागदांत एकच ओळ आहे : 'मयताची पत्नी घटनेवेळी घरी हजर नव्हती.' ओळ खरीच आहे, पण तिचा अर्थ पुढे प्रत्येक टेबलावर 'या बाईचा या प्रकरणाशी संबंध नाही' असा लावला गेला.

अडचण कुठे कुठे होती

सात महिन्यांनी, डिसेंबरात, तालुक्याच्या आठवडी बाजारात ती एका महिला कार्यकर्तीला भेटली. तोवर हातात मृत्यूचा दाखलासुद्धा नव्हता.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे होते, राहत्या गावात नव्हे. फाटा दुसऱ्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत. तिथला ग्रामसेवक म्हणाला, माणूस तुमच्या गावचा. गावचा ग्रामसेवक म्हणाला, प्रेत फाट्यावर सापडलं. शवविच्छेदन झालं त्या ग्रामीण रुग्णालयाने सांगितलं, आमच्याकडे मृत अवस्थेतच आणलं. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. म्हणून सात महिने तीन नोंदवह्यांपैकी एकीतही नाव चढलं नाही. यात मुदतीचा फास आहे. २१ दिवसांत नोंद विनाशुल्क होते, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्काने. त्यानंतर वर्षभरापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, तेव्हाच्या नियमाने प्रतिज्ञापत्रही लागायचं. वर्ष उलटलं की थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणजे तिच्या हातात पाच महिने होते.

दुसरी अडचण तारखेची. तिने कुणालाही विचारल्यावर घटना 'विज्जा पंडुमच्या चार दिवस आधीची' असंच सांगितलं. बियाण्यांचा हा सण गावोगाव वेगवेगळ्या दिवशी होतो. आधी कुणीतरी भरून दिलेल्या अर्जात तारीख अंदाजाने टाकली होती, ती एफआयआरशी नऊ दिवसांनी जुळत नव्हती. कार्यालयाच्या नजरेत तो खोटा अर्ज झाला.

तिसरी अडचण दिराची. फिर्यादी तो, म्हणून एफआयआरची प्रत त्याच्याकडे. मदतीची चौकशी करायला तोच फिरत होता आणि 'भावाचे पैसे' असंच बोलत होता. त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण प्रेत उचलायला तोच गेला होता आणि जीव त्याचाही धोक्यात होता. तरी पावसाळ्यात वनहक्काची दीड हेक्टर जमीन त्याने नांगरली आणि धान आपल्या घरी नेलं, हेही तितकंच खरं.

चौथी अडचण सगळ्यात अवघड. मदत मागायची तर पोलिसांचा अभिप्राय लागतो, आणि ठाण्याची पायरी चढला म्हणूनच नवरा मारला गेला होता. सोमरी एकदा गेली होती. तिथे पहिला प्रश्न आला, 'तुझी बहीण कुठे आहे?' ती परत गेली नाही. गावातही तिला धानाच्या रोवण्याला कुणी बोलावलं नाही. खबऱ्याच्या बायकोसोबत बांधीत उभं राहायची भीती सगळ्यांना होती.

समोर असलेले पर्याय

माहेरी जाणं हा पहिला विचार. जीवाला तिथे थोडी उसंत मिळाली असती. पण संजय गांधी निराधार अनुदान योजनेला राज्यातलं १५ वर्षांचं वास्तव्य लागतं, सगळी कार्यालयं इकडे, आणि जमिनीवरून पाय निघाला की ती परत मिळणं कठीण.

कागद सोडून गावात गप्प राहणं हा दुसरा. सासरच्यांचा सल्ला हाच होता. सोबत मुलीचं लग्न दोन वर्षांत उरकायचं असंही बोलणं चालू होतं. 'तरण्या पोरीला आतले नेतील' ही भीती खोटी नव्हती, सोमरीच्या स्वतःच्या घरात ते घडलं होतं. पण त्यावर लग्न हा उपाय म्हणजे पोरीचा दुसरा बळी.

तालुक्याला खोली घेऊन राहणं हा तिसरा. भाडं, मजुरी आणि दोन वर्षांचं मूल यांचा हिशेब जुळत नव्हता.

शेवटी ठरलं ते असं : राहायचं गावात, मोठ्या दोघांना निवासी आश्रमशाळेत ठेवायचं, आणि एकही कागद गावातून किंवा मदत केंद्रातून हलवायचा नाही, सगळा तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी. बाजाराला सगळ्याच बाया जातात. मोहफुलं, चारोळी, कोंबडी घेऊन गेलेल्या बाईला 'कशाला गेली होती' असं कुणी विचारत नाही.

काय केलं, कोणत्या क्रमाने

पहिलं काम पैशाच्या अर्जाचं नव्हे, मृत्यूच्या नोंदीचं. नोंदीची जागा घटनास्थळ पंचनाम्यावरून ठरवली. त्यात फाट्याचा उल्लेख स्पष्ट होता. त्यामुळे त्या ग्रामपंचायतीला लेखी अर्ज, सोबत पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि प्रतिज्ञापत्र. वर्ष पुरं व्हायला दोन महिने असताना दाखला हातात पडला. त्यावर नवऱ्याचं नाव आधारप्रमाणे, वडिलांचं नाव शिधापत्रिकेप्रमाणे आणि पत्नीचं नाव सोमरीच्या आधारप्रमाणे अक्षर न् अक्षर तपासून घेतलं. माडिया नावं मराठीत तीन प्रकारे लिहिली जातात आणि वेलांटीच्या फरकावरून बँक खातं अडतं.

एफआयआरची प्रत मिळवायला वकील लागला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मोफत प्रत फिर्यादीला द्यायची होती, म्हणजे दिराला. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७च्या कलम १२ नुसार स्त्रीला आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मिळाला आणि त्याने मयताची वारस म्हणून प्रत मागितली. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हे सोपं केलंय. कलम १७३(२) मध्ये फिर्यादीसोबत 'पीडित'ही आला, आणि पीडिताच्या व्याख्येत कायदेशीर वारस येतो. आता अशा घरात बायकोने प्रत स्वतःच्या हक्काने मागावी, दिराच्या हाताकडे पाहू नये.

मग तिचा स्वतंत्र जबाब. बाईला चौकशीसाठी तिच्या घराबाहेर कुठेही यायला भाग पाडता येत नाही, असं कायदा सांगतो. हे संरक्षण चांगलंच. पण इथे ते उलटं पडत होतं : घरी जबाब घ्यायचा म्हणजे बंदूकधारी तुकडी दिवसाउजेडी तिच्या दारात. आधी एकदा नोटीस द्यायला तशी तुकडी आलीच होती आणि पुढचे पंधरा दिवस शेजारणीने तिच्याकडचा विस्तवसुद्धा नेला नाही. कुठे यायचं हे तिने स्वतः सांगावं, असं वकिलाने लेखी कळवलं. तिने तालुक्याचं विधी सेवेचं कार्यालय निवडलं, धाकट्याला डॉक्टरला दाखवायच्या दिवशी. दुभाषी म्हणून दुसऱ्या गावची, माडिया बोलणारी एक अंगणवाडी सेविका आली. गावचा पोलीस पाटील नको, असं सोमरीने आधीच सांगितलं होतं.

जबाबाआधी एक निर्णय होता आणि तो तिचा एकटीचा होता. त्या रात्री ऐकलेल्या आवाजांपैकी एक तिच्या ओळखीचा होता. वकिलाने दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. खटल्यासाठी आरोपीची ओळख मोलाची आहे. मदतीच्या अर्जाला मात्र ती लागत नाही. माणूस मेला, नक्षली हिंसेत मेला आणि ती त्याची बायको आहे, या तीन गोष्टी पुरतात. बोललीस तर संरक्षण मागता येईल, पण गावात ते कितपत टिकेल याची हमी देता येणार नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, मले तीन लेकरं आहेत. ऐकलं ते मी पोटातच ठेवीन." कुणी तिला आग्रह केला नाही. न्याय अपुरा राहिला, हे खरंच आहे, पण त्याची किंमत तिच्याकडून वसूल करायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हता.

केंद्र सरकारची योजना दहशतवादी, सांप्रदायिक आणि नक्षली हिंसेत मेलेल्या नागरिकांच्या कुटुंबांसाठी आहे. ती १ एप्रिल २००८ पासून लागू झाली, नक्षली हिंसेसाठी मात्र २२ जून २००९ पासून. रक्कम आधी ३ लाख होती, ऑगस्ट २०१६ पासून ५ लाख झाली. नवरा गेला तर हक्क हयात बायकोचा, दिराचा नव्हे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातो. त्याला मृत्यूचा दाखला, एफआयआर, शवविच्छेदन अहवाल आणि पत्नी असल्याचा पुरावा जोडला. लग्न रूढीने झालेलं, नोंदणी नाही. म्हणून शिधापत्रिका, मतदार यादी, मुलांचे शाळेचे दाखले आणि ग्रामसभेचा ठराव. ठरावावर सह्या मिळायला दोन सभा गेल्या. दुसऱ्या सभेला बाया बसल्या होत्या म्हणून तो झाला.

अर्ज अडला तो पोलीस अभिप्रायावर. बहीण दलमात, या एका ओळीवर फाईल आठ महिने पडून होती. वकिलाने एवढंच मांडलं की योजना हिंसा करणाऱ्याला वगळते. मेलेला माणूस हिंसा करणारा नव्हता आणि त्याच्या मेहुणीचा पात्रतेशी संबंध नाही. हे पहिल्याच अर्जासोबत लिहून द्यायला हवं होतं.

जमिनीसाठी कोर्ट टाळलं. वनहक्क कायदा, २००६च्या कलम ४(४) नुसार पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, वारसाने जातो, पण विकता येत नाही. सोमरीच्या पट्ट्यावर दोघांची नावं होती. तो कागद नवऱ्याने पत्र्याच्या पेटीत तांदळाच्या पिशवीखाली ठेवला होता. प्लास्टिकमध्ये घातल्यामुळे वाळवीतून वाचला. ग्रामसभेत तो वाचून दाखवला. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे एरवी सगळं रूढीवर जातं आणि रूढीत विधवेची बाजू बहुतेक पडतीच असते. (जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. तेव्हा हा निकाल हाताशी नव्हता.) पट्ट्यावरच्या नावामुळे इथे तो वाद निघालाच नाही.

परिणाम

निराधार अनुदान तेराव्या महिन्यात सुरू झालं, तेव्हा महिना १,००० रुपये, जुलै २०२३ पासून १,५००. वास्तव्याचा पुरावा तलाठ्याचा दाखला आणि मोठ्या मुलीच्या जन्मनोंदीने पुरा केला. कमावता माणूस गेल्यावर मिळणारे राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपयेही आले.

५ लाख मंजूर व्हायला सव्वीस महिने लागले. ही रक्कम हातात येत नाही, किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जाते आणि व्याज दर तिमाहीला बचत खात्यात पडतं. साडेसहा टक्के धरले तर तिमाहीला ८,१२५ रुपये. सुरुवातीला तिला यात फसवणूक वाटली. बँकेच्या बाकावर बसून तिने तीनदा विचारलं, "माझे पैसे तं माझ्याजवळ काऊन नाहीत?" पण दिराने ट्रॅक्टर घ्यायला पैसे मागितले तेव्हा 'बँकेत अडकले' एवढं सांगून तिला सुटता आलं.

जमीन आता दीर कसतो आणि अर्धं धान तिच्या कोठीत टाकतो. हे तिला पुरतं मान्य नाही, पण नांगर धरायला घरात माणूस नाही. मुलगी आश्रमशाळेत परत गेली, तिचं एक वर्ष बुडालं. मुलगा दोनदा पळून घरी आला. खून कुणी केला, यावर खटला उभा राहिला नाही.

दरम्यान १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केलं. त्याआधी आणि नंतरही लोक बाहेर येत राहिले. त्यांत सोमरीची बहीण होती. आत्मसमर्पितांसाठी राज्यात २००५ पासून योजना आहे आणि तिची पावलं भराभर पडतात : ओळखपत्र, रक्कम, प्रशिक्षण. माणसं हत्यार टाकून बाहेर यावीत म्हणून ते लवकर व्हायलाच हवं. पण त्याच जिल्ह्यात मारलेल्याच्या बायकोला फाईलमागे सव्वीस महिने लागतात, ही तुलना गावात रोज होते. सोमरी बहिणीला अजून भेटलेली नाही. निरोप आला होता, तिने उत्तर दिलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या तीन दिवसांत बायकोचा वेगळा जबाब. ती घरी नव्हती म्हणून नव्हे, ती वारस आहे म्हणून. ती कुर्म्यात असेल तर बाई पोलीस आणि बाई दुभाषी पाठवून तिथेच, तिला चालत असेल तर. ज्या चौघांनी जबाब दिला त्यांतल्या कुणीही तिचं नाव, वय, मुलांची नावं सांगितली नाहीत, कारण कुणी विचारलीच नाहीत.

प्रेत ज्या दिवशी रुग्णालयात येतं त्याच दिवशी मृत्यू कुठल्या हद्दीत नोंदवायचा हे शवविच्छेदनाच्या कागदासोबत लिहून द्यावं. एका ओळीचं काम आहे, त्याने सात महिने वाचले असते.

अर्जात घटनेची तारीख एफआयआर समोर ठेवूनच लिहावी. बाई पंडुमवरून दिवस सांगते म्हणून ती चुकीचं सांगत नसते. लिहिणाऱ्याने पंडुमची तारीख गायत्याला (गावच्या धार्मिक प्रमुखाला) विचारावी आणि ताडून पाहावी.

मदतीची माहिती दिरापाशी न थांबता बायकोपर्यंत पोचावी. एकच फोन करायचा असेल तर तो तिच्या नावावरच्या मोबाईलवर. मोबाईल नसेल तर आशा कार्यकर्तीकडे निरोप.

झोपेविषयी मात्र फार उशीर झाला. कार्यकर्तीने भेटीनंतर पाचव्या महिन्यात पहिल्यांदा विचारलं, तेव्हा कळलं की कुत्री भुंकली की सोमरी धाकट्याला उचलून मागच्या दाराने बांधीत जाऊन बसते. पावसातही. तोपर्यंत प्रत्येक भेटीत कागदच पाहिले गेले होते. आता महिन्यातून एकदा ती त्याच म्हातारीकडे, कुर्म्यात हात धरून बसलेल्या बाईकडे, मुक्कामाला जाते. त्या रात्री झोप लागते म्हणते.